हुकूम कुणाचा होता?

१

पालघरच्या हुतात्मा चौकात पाच नावांचा स्तंभ उभा आहे. काशिनाथ पागधरे सातपाटीचे, गोविंद ठाकूर नांदगावचे, रामचंद्र चुरी मुरब्याचे, सुकुर मोरे सालवडचे आणि रामप्रसाद तेवारी खुद्द पालघरचे. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पोलिसांच्या गोळ्यांनी हे पाच जण पडले. आम्ही नवापूरची मुले शाळेत असताना गुरुजी आम्हांला एकदा त्या दिवशी पालघरला घेऊन गेले होते. नवापूर ते बोईसर आणि बोईसर ते पालघर, एवढा प्रवास हीच आमची मोठी मजा होती. हार घातले गेले, घोषणा झाल्या, आम्ही खडीसाखर घेऊन परतलो. येताना बसमध्ये मी गुरुजींना विचारले, "गुरुजी, गोळ्या झाडा असे कोण म्हणाले?" गुरुजी म्हणाले, "इंग्रज." मी विचारले, "त्याचे नाव काय?" गुरुजींनी खिडकीबाहेर पाहिले आणि मला गप्प बसायला सांगितले.

ते चुकले असे मी म्हणत नाही. त्यांनाही कुणी सांगितले नसावे. पण पुढे इतिहास हा विषय घेऊन पदवीधर झालो, आमच्या घरातला पहिला पदवीधर, आणि आज महाविद्यालयात तोच विषय शिकवतो, तेव्हा त्या प्रश्नाने माझी पाठ सोडलेली नाही. मेलेल्यांची नावे दगडावर कोरली जातात. मारण्याचा हुकूम देणाऱ्याचे नाव कुठेच दिसत नाही. ही केवळ स्तंभ उभारणाऱ्यांची विस्मृती आहे काय? मला तसे वाटत नाही. पोलिसी बळाचा आपल्याकडचा सारा इतिहास या न लिहिलेल्या नावाभोवती फिरतो, असे माझे मत झाले आहे. आणि ते या लेखात मांडण्याचा प्रयत्न मी करणार आहे.

२

१९४२ ची हकिकत थोडक्यात अशी. ८ ऑगस्टला मुंबईत 'चले जाव' चा ठराव झाला, ९ ऑगस्टला पहाटे पुढाऱ्यांना अटक झाली. त्यानंतर पाच दिवसांनी किनारपट्टीतल्या गावांतून माणसे पालघरच्या कचेरीवर तिरंगा लावण्यासाठी चालत निघाली. मच्छी मारणारी आणि वाडीत राबणारी ही गावे. पोलिसांनी मोर्चा अडवला, गोळीबार केला आणि पाच जणांना मरण आले. परकीय सत्तेचे पोलीस आणि स्वातंत्र्य मागणारे लोक असा सरळ सामना असल्यामुळे या पाचांच्या हौतात्म्याविषयी पुढे कुणालाही शंका घ्यावीशी वाटली नाही. स्वातंत्र्य आले, स्तंभ उभा राहिला, चौकाला नाव मिळाले.

आता तीन वर्षे पुढे या आणि पालघरहून उत्तरेला, डोंगराच्या बाजूला चला. १९४५ च्या मे महिन्यात उंबरगाव तालुक्यात झरी येथे वारल्यांची परिषद भरली. किसान सभेच्या शामराव आणि गोदावरी परुळेकरांनी तिथे वेठबिगार आणि लग्नगडी या प्रथांविरुद्ध वारल्यांना उभे केले. लग्नासाठी सावकाराकडून चार पैसे घ्यायचे आणि त्याबदल्यात नवराबायकोने जन्मभर त्याच्या दारात राबायचे, हा लग्नगडी. त्याच वर्षी गवत कापण्याच्या मजुरीसाठी संप झाला. मागणी काय, तर पाचशे पौंड गवत कापण्याचे अडीच रुपये. एवढ्या मागणीने जमीनदारांचे धाबे दणाणले. ऑक्टोबरमध्ये आवई उठली, की गोदावरीबाईंच्या जिवाला धोका आहे, तलवाड्याला सभा आहे, सर्वांनी जमावे. हजारो वारली हातात मिळेल ते घेऊन जमले. दुसरीकडे पोलिसांना कळवले गेले, की आदिवासी दंगा करायला जमले आहेत. पोलिसांनी जमावावर गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्याचे चार साथीदार, असे पुन्हा पाच जण मेले. तलासरीच्या भागात लाल बावट्याचे लोक दरवर्षी १० ऑक्टोबरला त्यांचे स्मरण करतात. गोदावरीबाईंच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात त्या दिवसांची हकिकत आहे. मला मात्र माझ्या कोणत्याही शालेय पुस्तकात जेठ्या गांगड भेटला नाही.

पालघरचे पाच आणि तलवाड्याचे पाच. जिल्हा तोच, तेव्हाचा ठाणे. सरकार तेच, पोलीस खाते तेच, कायदाही तोच. मग एका पाचांना चौक आणि दुसऱ्या पाचांना फक्त त्यांच्या माणसांची आठवण, असे का व्हावे? याचे एक उत्तर सोपे आहे आणि आपल्या वाचकांना ते सांगायला नको. कोण मेला यावर गोळीबाराचे मोल ठरते. झेंडा घेऊन मेला तो हुतात्मा, मजुरी मागताना मेला तो दंगेखोर. पण मला त्यापुढे जायचे आहे.

१९४६ साली मुंबई प्रांतात लोकांनी निवडलेले मंत्रिमंडळ आले. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री आणि मोरारजी देसाई गृहमंत्री. आता तरी फरक पडेल असे वारल्यांना वाटले असेल. पण १९४७ च्या जानेवारीत पालघर तालुक्यातल्याच नानिवलीत पोलिसांनी पुन्हा वारल्यांवर गोळ्या झाडल्या. पुन्हा माणसे मेली. परुळेकरांच्या वाट्याला जिल्हाबंदी आली. ज्या तालुक्यात पाच वर्षांपूर्वी काँग्रेसच्या झेंड्याखाली माणसे पडली होती, त्याच तालुक्यात काँग्रेसच्या मंत्रिमंडळाखाली माणसे पडली. गुरुजींचे 'इंग्रज' हे उत्तर इथे संपते. सत्ता बदलली, पण गोळी झाडणाऱ्याला जाब विचारण्याची रीत बदलली नाही.

३

ही गोष्ट ज्यांनी फार आधी ओळखली, त्यांचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईच्या कामगारांनी एक दिवसाचा संप केला. बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष त्यात अग्रभागी होता. त्या दिवशी पोलिसांनी गोळीबार केला. प्रांतात तेव्हाही काँग्रेसचेच मंत्रिमंडळ होते आणि कन्हैयालाल मुन्शी गृहमंत्री होते. सरकारने चौकशी समिती नेमली. तिचा अहवाल १९३९ साली विधिमंडळात चर्चेला आला, तेव्हा बाबासाहेबांनी त्यावर सरकारला धारेवर धरले. स्वराज्याची वाट पाहणाऱ्या देशात, आपल्याच माणसांच्या मंत्रिमंडळाने केलेला गोळीबार हा सभागृहात जाब विचारण्याचा विषय आहे, हे त्यांनी आपल्या वागण्याने दाखवून दिले. आज आपल्याला हे साधे वाटते. त्या वेळी ते साधे नव्हते. आपले सरकार आहे, मग गोळीबारही आपलाच, अशी समजूत तेव्हा होती आणि आजही ती गेलेली नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिम जमातींच्या स्थितीचा विचार करण्यासाठी जी समिती नेमली, तिला अध्यक्षाच्या नावावरून स्टार्ट समिती म्हणतात. बाबासाहेब तिचे सदस्य होते. १९३० च्या अहवालात या समितीने अस्पृश्यांना पोलीस खात्यात घ्यावे अशी शिफारस केली. म्हणजे एका हाताने बाबासाहेब पोलिसांच्या गोळीचा हिशेब मागत होते आणि दुसऱ्या हाताने त्याच खात्याचे दार आपल्यासाठी उघडत होते. यात विसंगती नाही. ज्या खात्यात आपली माणसे जाणार, त्या खात्याला कायद्याचा धाक असला पाहिजे, हे त्यातले सूत्र आहे. शेवटी मी याकडे पुन्हा येणार आहे.

४

आता कायदा पाहू. आपले कार्यकर्ते पोलिसांच्या क्रौर्याविषयी पुष्कळ बोलतात, पण कलमांकडे वळत नाहीत. वास्तविक सारे मर्म तिथे आहे.

पालघर, तलवाडा आणि नानिवली या तिन्ही ठिकाणी १८९८ ची फौजदारी प्रक्रिया संहिता लागू होती. १९७३ साली नवी संहिता आली. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. नावे तीन, पण बेकायदा जमाव पांगवण्याचा साचा एकच आहे. १९७३ च्या कायद्यात १२९ ते १३२ अशी ही कलमे होती. आता १४८ ते १५१ आहेत. जमावाला पांगण्याचा हुकूम कोण देऊ शकतो? कार्यकारी दंडाधिकारी, ठाण्याचा प्रमुख अधिकारी, किंवा तो नसेल तर उपनिरीक्षकाच्या खालच्या दर्जाचा नसलेला पोलीस अधिकारी. हे नीट वाचा. हुकूम देणाऱ्याची पायरी कायद्यानेच ठरवून दिली आहे. म्हणजे प्रत्येक गोळीबारामागे एक ठरावीक दर्जाचा, नाव असलेला माणूस असलाच पाहिजे. 'जमाव अनावर झाला आणि गोळीबार झाला' हे वाक्य आपण वर्तमानपत्रात नेहमी वाचतो. गोळीबार होत नसतो, कुणीतरी तो करायला सांगतो. त्या वाक्यातला कर्ता व्याकरणाने गाळला जातो आणि मग कोर्टातही तो सापडत नाही.

दुसरी गोष्ट. जमाव पांगवण्यासाठी सैन्य बोलावले, तर सैन्याने शक्य तितके कमी बळ वापरावे आणि माणसांना व मालमत्तेला शक्य तितकी कमी इजा करावी, असे कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. पण हे शब्द सैन्याच्या कलमात आहेत. पोलिसांच्या कलमात फक्त 'बळाने पांगवावे' एवढेच आहे. कमीत कमी बळाचा नियम पोलिसांच्या नियमपुस्तकात असेल, संयुक्त राष्ट्रांनी १९९० साली हवाना येथे स्वीकारलेल्या तत्त्वांत आहे, न्यायालयांच्या निकालांत आहे. पण ज्या कलमाखाली लाठी आणि बंदूक उचलली जाते, त्या कलमात तो शब्द नाही. शत्रूशी लढणाऱ्या सैनिकाला जी ताकीद कायदा देतो, ती गावच्या शिपायाला देत नाही, याचा अर्थ काय लावायचा?

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. या कलमांखाली केलेल्या कृतीबद्दल सरकारच्या मंजुरीशिवाय खटला भरता येत नाही. याशिवाय सरकारी नोकरासाठी मंजुरीचे वेगळे कलम आहेच. जुने १९७, आता २१८. नव्या कलमात एक सुधारणा झाली आहे आणि ती मान्य केली पाहिजे: मंजुरीच्या मागणीवर सरकारने १२० दिवसांत निर्णय घेतला नाही, तर मंजुरी मिळाली असे धरले जाईल. हे चांगले झाले. पण ज्याच्या हुकमतीखाली गोळी झाडली गेली, त्याचीच परवानगी घेऊन गोळीचा न्याय मागायचा, हा मूळ प्रकार कायम आहे.

यावर उपाय कुणी सुचवलाच नव्हता असे नाही. आणीबाणीनंतर १९७७ साली धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला गेला. १९७९ च्या पहिल्याच अहवालात आयोगाने सांगितले, की तीन प्रसंगी न्यायिक चौकशी सक्तीची असावी. पोलीस कोठडीत स्त्रीवर बलात्कार झाल्याचा आरोप असेल तर. कोठडीत मृत्यू किंवा गंभीर इजा झाली तर. आणि जमाव पांगवताना गोळीबारात दोन किंवा अधिक माणसे मेली तर. २००५ साली संहितेत दुरुस्ती झाली आणि कोठडीतील मृत्यू, बेपत्ता होणे व बलात्कार यांसाठी न्यायदंडाधिकाऱ्याची चौकशी सक्तीची झाली. तिसरी शिफारस मात्र राहिली ती राहिलीच. म्हणजे उद्या पुन्हा पालघरच्या कचेरीपुढे पाच जण पडले, तरी आपोआप न्यायिक चौकशी सुरू करणारे कलम आजही कायद्यात नाही. ती सरकारच्या मर्जीवर राहील.

५

सरकारच्या मर्जीची चौकशी म्हणजे काय, हे घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगराने पाहिले आहे. ११ जुलै १९९७ ची सकाळ. बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. लोक संतापून रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलीस दलाची तुकडी आली आणि तिने गोळीबार केला. दहा माणसे मेली. गॅसचे टँकर पेटवले जाणार होते म्हणून गोळीबार करावा लागला, असा बचाव पुढे आला. न्यायमूर्ती गुंडेवार आयोग नेमला गेला. आयोगाने तो बचाव मानला नाही, गोळीबार असमर्थनीय ठरवला आणि तुकडीचा उपनिरीक्षक मनोहर कदम याला दोषी धरले. २००९ च्या मे महिन्यात सत्र न्यायालयाने त्याला जन्मठेप सुनावली. पुढे अपिलात उच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला.

या प्रकरणात एक गोष्ट घडली, जी पालघर, तलवाडा आणि नानिवली या तिन्ही ठिकाणी घडली नव्हती. हुकूम देणाऱ्याचे नाव कागदावर आले. ते आपोआप आले नाही. वस्तीतली माणसे, विधवा झालेल्या बाया, हातात गोळीच्या खुणा असलेली पोरे बारा वर्षे साक्ष द्यायला जात राहिली, म्हणून ते आले. एका शिक्षेने न्याय झाला असे मी म्हणणार नाही. उपनिरीक्षकाच्या वरच्या पायऱ्यांवर कोण होते, हा प्रश्न तसाच आहे. पण गोळीबाराच्या वाक्याला कर्ता मिळू शकतो, एवढे रमाबाई नगरने सिद्ध केले. दुसरीकडे, मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने ३१ पोलिसांवर ठपका ठेवला होता. आयोगाचा अहवाल सरकारवर बंधनकारक नसतो, हे १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याचे दुखणे तिथे सर्वांना दिसले. आयोग नाव सांगतो. त्या नावाचे काय करायचे हे सरकार ठरवते.

आणि आता परभणी. १० डिसेंबर २०२४ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले आणि पोलिसांनी धरपकड केली. धरलेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी हा वडार समाजातला, कायद्याचे शिक्षण घेणारा तरुण होता. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत त्याचा मृत्यू झाला. मारहाण झाली नाही, असे सभागृहात सांगण्यात आले. शवविच्छेदनात मात्र अंगावरच्या अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याचे कारण आले. २०२५ च्या जुलैमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. म्हणजे गुन्ह्याची पहिली नोंद व्हावी, एवढ्यासाठी मृताच्या आईला देशाच्या सर्वांत वरच्या न्यायालयापर्यंतचा प्रवास करावा लागला. जो कायदा शिकत होता, त्याच्या मरणाची नोंद करायलाही कायदा सहजासहजी तयार झाला नाही.

६

नोंद या शब्दापाशी मला माझ्या घरातली एक गोष्ट सांगावीशी वाटते. वडील बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे हेल्पर होते. मी लहान असताना एका कारखान्यात तांब्याच्या तारेची चोरी झाली. आमच्या वस्तीतल्या सहा-सात हेल्परांना रात्री एका पोलीस ठाण्यात नेले. सकाळी सोडून दिले. वडील आले ते भिंतीला धरून चालत. आईने पाठ शेकली. चोर पुढे दुसराच निघाला. कॉलेजात गेल्यावर मी त्यांना विचारले, "बाबा, तुम्हांला कुणी मारले होते?" ते म्हणाले, "साहेबांची नावं विचारायची नसतात." त्यांची अटक दाखवलेली नव्हती. स्टेशन डायरीत नोंद नव्हती. म्हणजे कायद्याच्या लेखी माझे वडील त्या रात्री घरीच झोपले होते.

पुढे कधीतरी वाचनात आले, की सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात १८ डिसेंबर १९९६ रोजी जे नियम घालून दिले, त्यांतला पहिलाच नियम नावाचा आहे. अटक करणाऱ्या आणि चौकशी करणाऱ्या पोलिसाने आपले नाव आणि हुद्दा स्पष्ट दिसेल अशी पट्टी लावली पाहिजे आणि चौकशी करणाऱ्यांची नोंद रजिस्टरात झाली पाहिजे. पुढे अटक करणाऱ्याच्या नावपट्टीचा नियम संहितेतही आला. देशातल्या सर्वोच्च न्यायालयाला मारहाण थांबवण्यासाठी आधी नाव मागावे लागले! वडील जे विचारायला घाबरले, तेच कोर्टाने पहिल्यांदा विचारले. तो नियम वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही.

नियम पुष्कळ झाले आहेत. २००६ साली प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्य आणि जिल्हा पातळीवर स्वतंत्र प्राधिकरणे नेमायला सांगितली. महाराष्ट्राने २०१४ साली कायद्यात दुरुस्ती केली, पण जिल्ह्याऐवजी विभागाची पातळी ठेवली. त्याच वर्षी १ ऑगस्टला पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. जव्हार-मोखाड्याच्या माणसाला जिल्हा जवळ आला, पण पोलिसाविरुद्ध दाद मागण्याची जागा दूरच राहिली. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवण्याचा आदेश दिला. कॅमेऱ्याचेही तेच आहे. चित्रण मागायला कुणी गेले नाही, तर ते डायरीच्या कोऱ्या पानासारखेच असते.

७

इथे एक इशारा दिला पाहिजे. जबाबदारी म्हणजे पोलिसांना नुसते मागे खेचणे नव्हे. १६ एप्रिल २०२० च्या रात्री आपल्याच जिल्ह्यात गडचिंचले येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून जमावाने दोन साधू आणि त्यांचा चालक अशा तिघांना ठार केले. पोलीस तिथे हजर होते. पुढे तीन पोलिसांना बडतर्फ करण्यात आले आणि शंभराहून अधिक गावकऱ्यांना अटक झाली. तलवाड्यालाही अफवाच होती, हे विसरू नका. एकदा पोलिसांनी अफवेवर विश्वास ठेवून गोळ्या झाडल्या; एकदा अफवेने पिसाळलेल्या जमावापासून हाती सापडलेल्यांना वाचवणे त्यांना जमले नाही. बळ न वापरणे हाही गुन्हा असू शकतो. खैरलांजीत २००६ साली भोतमांगे कुटुंबातली चार माणसे मारली गेली, तिथेही पोलिसांच्या न येण्याचा प्रश्न होताच. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे चौथे कलम कर्तव्यात जाणीवपूर्वक कसूर करणाऱ्या लोकसेवकाला शिक्षा सांगते. ते किती वेळा लावले जाते, हे कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यात विचारून पाहावे. बळ वापरणारा आणि बळ रोखून धरणारा, दोघांचीही नावे लिहिली गेली पाहिजेत, एवढेच माझे म्हणणे आहे.

हे म्हणणे मी पोलिसांचा शत्रू म्हणून मांडत नाही, आणि मांडूही शकत नाही. सकाळी लवकर नवापूरच्या किनाऱ्यावर जा. ओहोटीच्या ओल्या वाळूवर पोरे धावताना दिसतील. मांगेल्यांची, भंडाऱ्यांची, आमच्या वस्तीतली, पूर्वेकडच्या पाड्यांतून सायकलवर आलेली वारल्यांची. पोलीस भरतीची सोळाशे मीटरची तयारी चालू असते. कारखान्यांत कायम नोकरी राहिलेली नाही. याच वसाहतीचे सांडपाणी नळातून नवापूरच्या समुद्रात जाते, त्यामुळे मच्छीचाही भरवसा राहिलेला नाही. खाकी हाच एक पगार दिसतो. उद्या बंदर किंवा रेल्वेच्या जमिनीसाठी कुठे बंदोबस्त लागेल, तेव्हा दोरीच्या एका बाजूला आपली माणसे असतील आणि दुसऱ्या बाजूला हीच पोरे असतील.

त्यांच्यातला एक माझा विद्यार्थी आहे. मागच्या वर्षी त्याने मला विचारले, "सर, साहेबांनी लाठी चालव म्हटलं तर मी काय करायचं? नाही म्हटलं तर नोकरी जाते." मी त्याला दंडसंहितेतले एक उदाहरण सांगितले. इंग्रजांच्या १८६० च्या कायद्यात ते होते आणि नव्या न्याय संहितेतही आहे. वरिष्ठाच्या हुकमाने शिपायाने जमावावर गोळी झाडली तर तो गुन्हेगार ठरत नाही, मात्र ती कृती कायद्याच्या आज्ञेला धरून असली पाहिजे. मी म्हणालो, "साहेबाचा हुकूम आणि कायद्याची आज्ञा या दोन गोष्टी आहेत. त्यांच्यामध्ये जी जागा आहे, तिथे तू उभा असशील." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, तेवढा वेळ मिळतो का हो तिथं?"

त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. पण त्या प्रश्नाने एक गोष्ट मला उमगली. तो वेळ ऐनवेळी मिळत नसतो. तो आधी कमवून ठेवावा लागतो. शिपायाला प्रशिक्षणातच सांगितले पाहिजे, की हुकूम मागताना तो कुणाचा हे त्याने विचारणे म्हणजे बंड नाही. हुकूम बिनतारी संदेशाने आला तरी तो कुणाच्या नावाने आला, किती वाजता आला, याची नोंद राहिली पाहिजे. बंदोबस्ताहून परतल्यावर प्रत्येक काडतुसाचा हिशेब खाते शिपायाकडून घेते. काडतुसाचा हिशेब आहे, मग हुकमाचा का नसावा? डॉक्टरने कागदावर सही केल्याशिवाय औषध मिळत नाही, मास्तरने सही केल्याशिवाय गुण चढत नाहीत. ज्या पेशाच्या हाती माणसाचा जीव आहे, त्या पेशाने सहीशिवाय काम करावे, हे कोणत्या न्यायाने?

म्हणून आपल्या चळवळीने मागायच्या गोष्टी फार नाहीत. जमावावरील गोळीबारात माणूस मेला, की न्यायिक चौकशी आपोआप सुरू व्हावी. १९७९ ची ती शिफारस कायद्यात यावी. कमीत कमी बळाचे शब्द पोलिसांच्या कलमात लिहिले जावेत. तक्रार प्राधिकरण जिल्ह्यात यावे. आणि लाठीमार असो वा गोळीबार, हुकूम देणाऱ्याचे नाव, हुद्दा आणि वेळ त्याच दिवशी जाहीर व्हावी. शेवटची मागणी सर्वांत लहान दिसते. मला तीच सर्वांत मोठी वाटते.

यंदा १४ ऑगस्टला मी माझ्या विद्यार्थ्यांना घेऊन पालघरच्या स्तंभापाशी जाणार आहे. तिथली पाच नावे आम्ही वाचू. मग जेठ्या गांगडचे नाव घेऊ, नानिवलीच्या माणसांची आठवण काढू. त्यांतल्या कुणी जर विचारले, की सर, गोळ्या झाडा असे कोण म्हणाले, तर मी खिडकीबाहेर पाहणार नाही. मी त्याला सांगेन, की हे नाव कुणी लिहून ठेवले नाही. आणि यापुढे ते लिहिले जाईल की नाही, हे तुझ्याही हातात आहे, तू दोरीच्या कोणत्याही बाजूला असलास तरी.